डिरेक्टरीत शोधताय की सर्च इंजिनात? या चुका टाळा

"खूप शोधलं, काहीच सापडलं नाही," असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, शोधलं कशात? वेब डिरेक्टरी आणि सर्च इंजिन, दोन्हींत वर शोधपेटी असते, म्हणून दोन्ही सारखीच वाटतात. पण डिरेक्टरी ही माणसांनी साइट बघून, विषयवार लावलेली यादी. सर्च इंजिनची अनुक्रमणिका क्रॉलर नावाचा प्रोग्राम एका लिंकवरून दुसरीवर जात, पानं वाचत तयार करतो.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे डिरेक्टरीच्या पेटीत नेमका शब्द टाकणं. समजा, घुबडाचा आवाज ऐकायचाय. 'घुबड' टाकलं, निकाल शून्य. आणि पक्ष्यांच्या आवाजांची उत्तम साइट त्याच डिरेक्टरीत असते! कारण तिथे नोंद असते ती अख्ख्या साइटची: नाव, पत्ता आणि संपादकाने लिहिलेली एक-दोन ओळींची ओळख. पेटी साधारणपणे तेवढ्यातच शोधते. 'घुबड' हा शब्द साइटच्या पोटात कुठल्यातरी पानावर आहे, तिथवर ती जातच नाही. अशा वेळी पायऱ्या उतरत जा: विज्ञान, जीवशास्त्र, पक्षी. सर्च इंजिन पानापानाची नोंद ठेवतं, तिथे 'घुबडाचा आवाज' थेट टाका.

दुसरी चूक मला जास्त खटकते: सर्च इंजिनात आलं नाही, म्हणजे ते वेबवर नाहीच, असं धरून चालणं. ग्रंथालयांच्या सूची, जुन्या दस्तऐवजांचे संग्रह यांतली बरीचशी पानं फॉर्म भरल्यावरच तयार होतात. क्रॉलर सहसा फॉर्म भरत बसत नाही, लॉगिनच्या आड तर जातच नाही. मग आधी त्या संग्रहाचं दार शोधायचं आणि पुढचा शोध आत जाऊन घ्यायचा. दार दाखवायला विषयवार यादी आजही फार उपयोगी पडते.

मात्र यादी ताजी आहे का, ते बघा. जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी 1994 मध्ये सुरू केलेल्या यादीतून याहू उभं राहिलं. ती डिरेक्टरी 2014 च्या अखेरीस बंद झाली. 1998 पासून स्वयंसेवकांनी सांभाळलेली डीमॉझ ही डिरेक्टरी 2017 मध्ये थांबली. तिचा वारसा कर्ली ही डिरेक्टरी चालवते. पण डीमॉझच्या जुन्या प्रतींवर विसंबलात तर मेलेल्या लिंकच हाती लागतील.

स्वतःची साइट असेल तर शेकडो डिरेक्टऱ्यांत नोंद करून देणाऱ्यांना पैसे देऊ नका. हलक्या डिरेक्टऱ्यांतल्या लिंक गूगल स्पॅममध्ये धरतं. विषयाला वाहिलेली, संपादक असलेली एखादी यादी पुरे.

साइट सर्च इंजिनात दिसतच नसेल, तर गूगलच्या पेटीत इंग्रजीत 'साइट', कोलन आणि जागा न सोडता आपला पत्ता टाका. काहीच आलं नाही, तर रोबोट्स फाइल (क्रॉलरने कुठे जाऊ नये ते सांगणारी साइटवरची फाइल) आणि पानातला 'नोइंडेक्स' टॅग ('हे पान निकालात दाखवू नका' अशी सूचना) तपासा. एखादं पान मुद्दाम लपवायचं असेल, तर पुष्कळ जण दोन्ही एकदम लावतात आणि तिथेच फसतात. रोबोट्स फाइलने वाट अडवली की क्रॉलर पान उघडत नाही, त्यामुळे आतला 'नोइंडेक्स' त्याला दिसत नाही. आणि दुसऱ्या साइटवरून लिंक असेल तर पत्ता निकालात येऊ शकतो. अशा पानावर 'नोइंडेक्स' ठेवा, फाइलमधली आडकाठी काढा.