विसार देण्याआधी थांबा: पुण्यात जागा घेताना आणि भाड्याने राहताना या चुका टाळा

“ताई, कागद एकदम क्लिअर आहेत.” पुण्यात जागा बघत फिरणाऱ्या प्रत्येकाने हे ऐकलेलं असतं. सोबत एक प्लॅस्टिकचं फोल्डर पुढे येतं. त्यात सातबाऱ्याची झेरॉक्स, लाइट बिल, घरपट्टीची पावती आणि नोटरीचा गोल शिक्का मारलेलं एखादं कुळमुखत्यारपत्र असतं. मी एका वकिलांच्या ऑफिसात सर्च काढण्याचं, म्हणजे जागेच्या मालकीच्या जुन्या नोंदी शोधण्याचं काम करते. आमच्याकडे रडत येणाऱ्या बहुतेकांची चूक एकच असते: त्यांनी ते फोल्डर नीट वाचलेलं असतं, पण त्यातला एकही कागद स्वतः काढलेला नसतो.

चूक: समोरच्याने दिलेल्या सातबाऱ्यावर व्यवहार करणं

हे आमच्या घरात घडलं, म्हणून तेच सांगते. नात्यातल्या एका काकांनी निवृत्तीचे पैसे आल्यावर हवेली तालुक्यात दोन गुंठे घ्यायचं ठरवलं. मला कळलं तेव्हा ५१ हजार विसार देऊन झाला होता, तोही रोख आणि पावतीशिवाय. “अगं, माणूस ओळखीचा आहे, आपल्या गावाकडचाच,” काका म्हणाले. सातबारा त्यांनी कपाटातून काढून दाखवला. विकणाऱ्याचं नाव होतं, क्षेत्रही बरोबर होतं. खाली तारीख दोन वर्षांपूर्वीची.

मी तिथेच बसून महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढला. १५ रुपये लागतात, पाच मिनिटांचं काम. नाव अजून त्याच माणसाचं होतं. काका खूश झाले, “बघ, म्हटलं नव्हतं?” पण सातबाऱ्यावर ‘प्रलंबित फेरफार’, म्हणजे नोंदीत व्हायचा राहिलेला बदल, असा एक रकाना असतो. तिथे बहुतेक वेळा ‘नाही’ लिहिलेलं असतं. इथे एक क्रमांक होता. फेरफाराच्या नोटिसा दाखवणाऱ्या ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर जमिनीचा गट क्रमांक टाकला, तर खरेदीची नोटीस समोर आली. जमीन दीड महिन्यापूर्वीच तिसऱ्याला विकून झाली होती. खरेदीखत नोंदलं गेलं होतं, फक्त फेरफार मंजूर व्हायचा होता, आणि तोवर सातबारा जुन्याच मालकाचं नाव दाखवत राहतो. त्या मधल्या काळात त्याने काकांकडून विसार घेतला होता. आठ महिने खेटे घालून ३० हजार परत मिळाले. बाकीच्या पैशांचा विषय आता घरात कोणी काढत नाही.

म्हणून व्यवहाराच्या दिवशीचाच सातबारा काढा आणि नाव बघून थांबू नका. ‘इतर हक्क’ हा रकाना शब्द न् शब्द वाचा. बँकेचा बोजा, कुळाची नोंद, कोर्टाचा दावा, बहिणींचे वारसाहक्क हे सगळं तिथेच असतं. ‘भोगवटादार वर्ग २’ लिहिलं असेल, तर शासनाच्या परवानगीशिवाय ती जमीन सहसा विकता येत नाही. जमीन सामाईक असेल तर विकणाऱ्याचा हिस्सा किती आणि वाटप झालंय का, हे विचारा. जागेवर चुन्याने आखलेले प्लॉट आणि रंगीत नकाशा म्हणजे मंजूर लेआउट नव्हे. गुंठ्यांचे तुकडे विकत घेताना तुकडेबंदीचा, म्हणजे जमिनीचे फार छोटे तुकडे पाडायला मनाई करणारा कायदा आडवा येतो. त्यात अलीकडे बदल झाले आहेत, त्यामुळे “आता सगळं चालतं” हे एजंटकडून ऐकू नका, वकिलाकडून लेखी घ्या. शहराच्या जुन्या हद्दीत बहुतेक ठिकाणी सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) असते. तीही ऑनलाइन मिळते.

चूक: “रजिस्ट्रेशन झालं, म्हणजे मालकी पक्की”

ही समजूत शिकलेल्या लोकांतही पाहते. दुय्यम निबंधक दस्त नोंदवून घेतात. विकणारा खरा मालक आहे का, याची ते हमी देत नाहीत. परदेशी असलेल्या किंवा मरण पावलेल्या मालकाच्या जागी दुसराच माणूस उभा करून, बनावट आधार दाखवून दस्त झाल्याचे प्रकार असेच घडतात. मालकी बघायची तर मागची साखळी बघावी लागते. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गावाचं नाव आणि गट किंवा मिळकत क्रमांक टाकला, की त्या मिळकतीच्या दस्तांची सूची क्रमांक दोन, म्हणजे आपला इंडेक्स टू, बघता येतो. वर्षं बदलून बदलून बघा. ३० वर्षांचा पूर्ण सर्च मात्र वकिलाकडूनच करून घ्या आणि तो वकील तुमचा असू द्या, बिल्डरने सुचवलेला नको. त्यानंतर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, म्हणजे जागेवर कोणाचा हक्क असेल तर तो पुढे येईल. हा खर्च लोकांना जड वाटतो, आणि त्याच आठवड्यात ते मॉड्युलर किचनचं कोटेशन मागवत असतात.

कुळमुखत्यारपत्रावर कोणी विकत असेल तर मूळ मालकाशी स्वतः बोला, निदान व्हिडिओ कॉलवर तरी. मालक वारला की मुखत्यारपत्रही सहसा तिथेच संपतं. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे. लाइट बिल आणि घरपट्टीचं तर विचारूच नका. महापालिका अनधिकृत बांधकामालाही कर लावते.

नवीन फ्लॅट घेताना

महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा नंबर ब्रोशरवर बघून समाधान मानू नका. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड देणंही बंधनकारक आहे. तो स्कॅन करून प्रकल्पाचं पान उघडा आणि ताबा द्यायची तारीख, चालू दावे, बोजे आणि मंजूर मजले वाचा. दाखवलेला फ्लॅट अकराव्या मजल्यावर आणि मंजुरी नऊ मजल्यांची, असंही हाती लागतं. नोंदणीकृत करार करण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही, हे रेरा कायद्याचं कलम १३ आहे. “प्री-लाँच आहे, आत्ता ३० टक्के भरा, रेट वाढणार” असं कोणी म्हणालं, तर तिथून उठा.

नुसता महारेरा नंबरही पुरत नाही. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या लावून महारेराचे नंबर मिळवले होते. लोकांनी तिथे कर्ज काढून घरं घेतली आणि नंतर उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्यामुळे बांधकाम परवानगी ज्या कार्यालयाची आहे, तिथे जाऊन खात्री करा. पुण्यात हे कार्यालय कोणतं हाच आधी प्रश्न असतो: पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका की पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण)? २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन इमारतींच्या परवानग्या वेगळ्या कार्यालयांच्या असू शकतात. ग्रामपंचायतीच्या शिक्क्यावर पाच मजले उभे असतील तर तिकडे फिरकू नका. तयार इमारतीत भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला (ओसी) मागा.

रिसेलमध्ये एकच गोष्ट जपा: मूळ करार डोळ्यांनी बघा. रंगीत झेरॉक्स दाखवत असतील तर मूळ कागद बहुधा बँकेत आहेत. मग बँकेचं शिल्लक कर्जाचं पत्र घ्या आणि तेवढा चेक थेट कर्जखात्यावर काढा.

भाड्याने घेताना

लातूरहून नोकरीसाठी आलेला माझा भाचा बाणेरला फ्लॅट शोधत होता. साइटवर फोटो सुंदर, भाडं आसपासच्या निम्मं. फोनवरचा माणूस म्हणाला, “बेटा, मी फौजेत आहे, पोस्टिंग बाहेर आहे. सोसायटीचा गेट पास काढावा लागेल, २,५०० पाठव, रिफंडेबल आहे.” ओळखपत्राचा फोटोही आला. मग डिपॉझिट, मग ‘व्हेरिफिकेशन’. रात्री मला फोन आला तेव्हा २८ हजार गेले होते. सोसायटीत विचारलं, तर त्या फ्लॅटमध्ये एक कुटुंब सहा वर्षांपासून राहत होतं.

घर आतून बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. पैसे मिळवण्यासाठी कधीच यूपीआय पिन टाकावा लागत नाही. दुसरा प्रकार हेवी डिपॉझिटचा. एजंट मालकाकडून घर महिन्याच्या भाड्यावर घेतो, तुमच्याकडून पाच-सात लाख डिपॉझिट घेऊन “भाडं नाही” म्हणतो आणि काही महिन्यांनी गायब होतो. मालक दारात येतो तेव्हा तुम्ही त्याला ओळखतही नसता. मालक कोण, हे सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा, वॉचमनला नको.

नोटरी केलेला ११ महिन्यांचा करार महाराष्ट्रात पुरत नाही. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. ऑनलाइन नोंदणीत मालकाचाही आधार आणि अंगठा जुळवला जातो. खोट्या मालकाची गाडी बहुधा इथेच अडते. डिपॉझिट त्यानंतर द्या आणि करारात ज्याचं नाव आहे, त्याच्याच बँक खात्यात द्या.

पैसे गेलेच असतील तर

ऑनलाइन गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. घरच्यांना कसं सांगू म्हणून रात्र घालवू नका, कारण पैसे एका खात्यातून पुढच्या खात्यात जायला वेळ लागत नाही. भाच्याने दीड तासात फोन केला, म्हणून ११ हजार खात्यात गोठवले गेले. बिल्डरविरुद्ध महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते. जागेच्या मोठ्या फसवणुकीत पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि शिक्का मारलेली पोच घ्या. व्हॉट्सॲपचे मेसेज डिलीट करू नका.

समोरचा तडजोडीला आला, तर तो मूळ पावती आणि साठेखत (विक्रीचा आधीचा करार) परत मागेल, रद्दलेखावर सही मागेल, पुढच्या तारखेचे चेक दाखवेल. पूर्ण रक्कम तुमच्या खात्यात जमा होऊन बँकेच्या स्टेटमेंटवर दिसेपर्यंत मूळ कागद हातातून सोडू नका आणि रद्दलेखावर सही करू नका.