जोडीदार की अनोळखी? व्होलची पसंती-चाचणी

प्रेअरी व्होल हा उंदरासारखा, आखूड शेपटीचा प्राणी जोडी करून राहतो. त्याचा जवळचा नातलग मेडो व्होल मात्र तशी जोडी करत नाही. उत्क्रांतीत मेंदू आणि संप्रेरकांत काय बदलले, हे तपासायला म्हणूनच हे दोघे सोयीचे. प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी मिळाल्याशिवाय मात्र काही सुरू करू नये.

ओळखीच्या जोडीदाराकडे ओढा तयार होतो का, हे पाहायला आधी प्रेअरी व्होल नर-मादी २४ तास एकत्र ठेवा. या मादीला ठरावीक ऋतुचक्र नसते. नराच्या मूत्रातील संकेतांनी ती माजावर येते. त्यामुळे मीलन झाले असे गृहीत न धरता चित्रीकरण तपासा.

चाचणीला एकमेकांना जोडलेले तीन कप्पे लागतात. एका टोकाला जोडीदार, दुसऱ्या टोकाला अनोळखी, दोघेही हलक्या दोरीने बांधलेले. दोरीची सवय आधीच करून द्या, नाहीतर त्यांची धडपडच चित्रित होईल. मधल्या कप्प्यात चाचणीचा प्राणी सोडा आणि ३ तास चित्रण करा.

मोजायची ती बिलगून निश्चल बसलेली मिनिटे. नुसता कप्प्यातला वेळ फसवा असतो: अनोळखीवर धावून गेलेला नरही तिथेच असतो! जोडीदाराजवळचा वेळ अनोळखीच्या दुपटीहून जास्त भरला की पसंती मानण्याचा प्रघात आहे.

घोळ बहुधा अनोळखीच्या निवडीत होतो. जोडीदारीण नराजवळ राहिलेली आणि अनोळखी मादी कधीच न राहिलेली, असे असेल तर फरक ओळखीमुळे पडला की माजामुळे, हे सांगता येत नाही. वय, वजन आणि प्रजनन-स्थिती जुळवा. बाजूही आलटून पालटून द्या.

मादीच्या न्यूक्लियस अक्युम्बेन्समध्ये (मेंदूचा बक्षिसाच्या जाणिवेशी निगडित भाग) ऑक्सिटोसिन-रोधक, म्हणजे ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे काम अडवणारे औषध, सोडल्यास पसंती जुळत नाही. सुई नेमकी तिथेच पोचली होती का, हे शेवटी मेंदूचे काप पाहूनच ठरवा. औषधाने प्राणी सुस्तावला तरी आकडे तसेच दिसतात, म्हणून कप्प्यांमधल्या फेऱ्याही मोजा.

२००४ मध्ये मेडो व्होल नरांच्या व्हेंट्रल पॅलिडम या मेंदूच्या भागात विषाणूमार्फत व्हॅसोप्रेसिन ग्राहीचे (व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाचा संदेश पकडणाऱ्या प्रथिनाचे) जनुक घातल्यावर त्यांच्यातही जोडीदाराची पसंती दिसली. एक जनुक, एक वर्तन, असे मात्र लिहू नका. २०२३ मध्ये ऑक्सिटोसिन ग्राही जन्मापासून नसलेल्या प्रेअरी व्होलनीही जोड्या केल्या. प्रौढपणी ग्राही रोखणे आणि तो मुळातच नसणे, यांचे निकाल एकाच रकान्यात टाकू नयेत. पसंतीला निष्ठाही म्हणू नये. जोडीने राहणाऱ्या प्रेअरी व्होलची काही पिल्ले दुसऱ्याच नराची निघतात.