उदास मनासाठी पूरके घेताना: काय तपासावे, काय निवडावे, कसे घ्यावे

औषधाच्या दुकानात काउंटरमागे मी बरीच वर्षे उभा आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आलेले गिऱ्हाईक अलीकडे वारंवार एकच मागणी करते: "मन लागत नाही, झोप नाही, काहीतरी नैसर्गिक द्या, गोळीची सवय नको लागायला." एका दुपारी पन्नाशीच्या एक बाई कापडी पिशवी घेऊन आल्या आणि त्यांनी सहा बाटल्या काउंटरवर ओळीने मांडल्या. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, "नसांसाठी" म्हणून घेतलेली एक कॅप्सूल, अश्वगंधा, फिश ऑइल आणि हळदीचा अर्क. "सगळं नैसर्गिकच आहे ना दादा, मग एकत्र घेतलं तर काय होणार?" लेबले शेजारी शेजारी ठेवून आम्ही वाचली, तेव्हा पहिल्या तिन्ही बाटल्यांत बी-१२ होतेच, आणि शेवटच्या दोन बाटल्या त्यांच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर चालू होत्या, हे त्यांच्या डॉक्टरांना ठाऊकच नव्हते. आठ महिने उदास असलेल्या या बाईंची थायरॉइडची तपासणी मात्र एकदाही झालेली नव्हती. पुढे ती झाली, थायरॉइड मंदावलेले निघाले, आणि उपचाराची दिशाच बदलली.

पूरक या शब्दातच त्याचा उपयोग सांगितलेला आहे. जे कमी आहे ते पुरे करणारे ते पूरक. म्हणून सुरुवात बाटलीपासून न करता, काय कमी आहे आणि उदासी किती खोल आहे, या दोन प्रश्नांपासून करावी.

उदासी किती खोल आहे

घरात दुःखद घटना घडली, परीक्षेत अपयश आले, नोकरी गेली, तर मन खिन्न होणारच. परंतु दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास राहत असेल किंवा एरवी आवडणाऱ्या कशातच रस वाटत नसेल, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, एकाग्रता, अंगातली शक्ती यांत बदल झाला असेल, तर त्याला नैराश्याचा आजार समजून डॉक्टरांकडे जावे. घरच्या घरी अंदाज घेण्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली उपयोगी पडते. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण असतात आणि एकूण बेरीज २७ पर्यंत जाते. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आल्यास केवळ पूरकांवर विसंबून राहू नये. नववा प्रश्न जिवाला अपाय करून घेण्याच्या विचारांविषयी आहे. त्याचे उत्तर "अजिबात नाही" याखेरीज काहीही असेल, तर बेरीज न पाहता त्याच दिवशी कोणाशी तरी बोलावे. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य चालते आणि तिथे मराठीतही बोलता येते.

आणखी एक प्रश्न स्वतःला आणि घरच्यांनाही विचारावा: याआधी कधी असे दिवस आले होते का, की ज्यात झोप जवळजवळ न घेताही उत्साह ओसंडत होता, बोलणे थांबत नव्हते, पैसा वारेमाप खर्च होत होता? उत्तर होय असेल, तर हा द्विध्रुवी (बायपोलर) आजार असू शकतो, ज्यात उदासी आणि अतिउत्साहाचा उन्माद आलटून पालटून येतात, आणि अशा व्यक्तीने मनाने उभारी धरावी म्हणून घेतलेले "नैसर्गिक" औषधही तिला उन्मादाकडे ढकलू शकते. याच आजारात वापरले जाणारे लिथियम हे खडकांत आणि पाण्यात सापडणारे मूलद्रव्य आहे. १९४९ साली जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी त्याचा उपयोग दाखवून दिला, आणि आजही ते देताना रक्तातली पातळी पुन्हा पुन्हा मोजावी लागते, कारण गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांतले अंतर फार थोडे आहे. एखादी गोष्ट निसर्गातून आली, एवढ्यावरून ती निरुपद्रवी ठरत नाही.

आधी रक्ततपासणी

थायरॉइडसाठी टीएसएच, हिमोग्लोबिन आणि शक्य असल्यास शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन, रक्तातील साखर, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व, एवढ्या तपासण्या एकदा करून घ्याव्यात. यांपैकी बी-१२ चा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे, कारण हे जीवनसत्त्व वनस्पतीजन्य अन्नातून मिळत नाही. दूध, दही, अंडी, मासे, मांस हेच त्याचे मार्ग. शाकाहारी घरात चहापुरतेच दूध पोटात जात असेल, तर शरीरातला साठा हळूहळू, बहुधा काही वर्षांत, संपून कमतरता होऊ शकते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे आणि आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षे पॅन्टोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोल घेणारे लोकही याच रांगेत येतात. हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, विसराळूपणा, चिडचिड आणि उदासी ही लक्षणे एकत्र दिसली, तर बी-१२ पाहिलेच पाहिजे. साधारणपणे प्रति मिलिलिटर २०० पिकोग्रॅमच्या खालची पातळी कमतरता मानतात, आणि २०० ते ३०० ही सीमेवरची. कमतरता फार असेल तर डॉक्टर इंजेक्शनने सुरुवात करतात, नाहीतर गोळ्या पुरतात. इथे एक चूक टाळावी: बी-१२ न तपासता नुसते फॉलिक अॅसिड घेत राहिल्यास रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. पातळी मुळात चांगली असताना मात्र जास्तीचे बी-१२ घेऊन मन प्रसन्न होईल, अशी आशा ठेवू नये.

ड जीवनसत्त्वाचेही तेच. अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या सुमारे १८ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, पाच वर्षांहून अधिक काळ रोज २,००० युनिट ड-३ घेऊनही नैराश्य टळले नाही, असे दिसून आले. मात्र पातळी प्रति मिलिलिटर २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल, तर हाडे आणि स्नायू दुखतात, थकवा राहतो, आणि ती भरून काढणे योग्यच आहे. आपल्याकडे ६०,००० युनिटचे पाकीट किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे, अशी पद्धत रूढ आहे. "आठवड्यातून एकदा" हे शब्द मी पाकिटावर जाड पेनाने लिहून देतो, कारण हेच पाकीट रोज दुधात घालून पिणारे लोक मी पाहिले आहेत. त्यातून रक्तातले कॅल्शियम वाढते, मळमळ, बद्धकोष्ठता, सततची तहान, गोंधळलेपणा सुरू होतो, आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

माशाच्या तेलाचे लेबल कसे वाचावे

कमतरता नसतानाही नैराश्यात थोडाफार उपयोग होण्याची शक्यता ज्या पूरकांत दिसते, त्यांत ओमेगा-३ चा क्रमांक वरचा आहे, तोही चालू उपचाराला जोड म्हणून. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ चे ईपीए आणि डीएचए हे दोन मुख्य घटक, त्यांतही ईपीए महत्त्वाचा. ज्या प्रयोगांत फायदा दिसला, त्यांत बहुधा एकूण ओमेगा-३ पैकी ६० टक्के किंवा अधिक ईपीए होते आणि ईपीएची मात्रा रोज साधारण १ ग्रॅम किंवा थोडी जास्त होती.

आता बाटली हातात घेऊन उलटी करावी. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत "१००० मि.ग्रॅ." असते, पण ते एकूण तेलाचे वजन आहे. मागच्या बारीक तक्त्यात सर्वसाधारण कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२० मिलिग्रॅम असे लिहिलेले सापडते. म्हणजे १ ग्रॅम ईपीएसाठी रोज पाच ते सहा कॅप्सूल लागतील, आणि एवढे घेऊनही ईपीएचा वाटा बरोबर ६० टक्क्यांवरच येतो. रोज एक कॅप्सूल घेऊन "मला काहीच फरक पडला नाही" असे म्हणणाऱ्यांचा हिशेब इथेच चुकलेला असतो. जास्त ईपीए असलेले संहत तेल महाग वाटते, पण प्रति ग्रॅम ईपीएचा भाव काढल्यास ते पुष्कळदा स्वस्त पडते. जवसाच्या चटणीत वेगळ्या प्रकारचे ओमेगा-३ असते आणि शरीर त्याचा फारच लहान भाग ईपीएमध्ये बदलते. चटणी जरूर खावी, पण ती या औषधी मात्रेची जागा घेत नाही. शाकाहारी लोकांसाठी शेवाळापासूनचे तेल मिळते, त्यात बहुधा डीएचए अधिक असते, म्हणून तिथेही मागचा तक्ता पाहूनच घ्यावे. मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली पानात घेतली, तर कॅप्सूलचा खर्च करण्याआधीची ही फार चांगली पायरी ठरेल. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील, तर जास्त मात्रा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

वनस्पतींचे अर्क

युरोपातील सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती या यादीतली सर्वांत प्रभावी आणि म्हणूनच सर्वांत सांभाळून वापरण्याची. २००८ साली २९ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा तिचा अर्क नैराश्यात दिखाऊ गोळीपेक्षा (प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी) सरस आणि नेहमीच्या नैराश्यरोधक औषधांच्या तोडीचा दिसला. मात्र हा अर्क यकृतातील औषध विघटित करणारी यंत्रणा वेगवान करतो. त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारे वॉरफॅरिन, हृदयासाठीचे डिगॉक्सिन, एचआयव्हीवरील औषधे, प्रत्यारोपणानंतरचे सायक्लोस्पोरिन यांचा परिणाम घटतो. एसिटालोप्राम, सर्ट्रालिन किंवा फ्लुऑक्सेटिन या नैराश्यरोधक गोळ्यांसोबत तो घेतल्यास मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाचा अतिरेक होऊन थरथर, घाम, ताप, गोंधळ अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. परदेशातून नातेवाइकांनी ही बाटली भेट म्हणून आणली असेल, तर चालू औषधांची यादी फार्मासिस्टला दाखवल्याशिवाय ती उघडू नये. ५-एचटीपी (ज्यापासून शरीर सेरोटोनिन बनवते) या नावाने मिळणाऱ्या गोळ्यांनाही हीच सूचना लागू आहे.

केशरावरचे प्रयोग मुख्यतः इराणमध्ये झाले. रोज ३० मिलिग्रॅम अर्क, सहा ते आठ आठवडे, असा त्यांचा बेत होता आणि निकाल आशादायक आहेत, पण प्रयोग लहान आहेत. केशरात भेसळ फार होते, हेही लक्षात ठेवावे. गर्भवतींनी अर्काच्या वाटेस जाऊ नये. श्रीखंडातल्या चार काड्यांची गोष्ट निराळी.

हळदीबाबत आपल्याच शेजारी, गुजरातमधील भावनगर येथे, ६० रुग्णांवर झालेला प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनंतर रोज १,००० मिलिग्रॅम कर्क्युमिन घेणारे आणि फ्लुऑक्सेटिन घेणारे, दोघांमधली सुधारणा जवळपास सारखी आढळली. त्यात दिखाऊ गोळीचा गट नव्हता, म्हणून त्यावर मोठा मनोरा रचू नये. शिवाय हळदीत कर्क्युमिन जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे रात्रीच्या हळद-दुधातून ही मात्रा मिळत नाही. मिऱ्यातील पाइपरिन घातलेल्या अर्काचे शोषण वाढते, आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही अशाच अर्कांबाबत आहेत.

अश्वगंधेचा उपयोग ताण आणि झोप यांसाठी काही प्रमाणात दिसतो. नैराश्यासाठी तिच्यावर भिस्त ठेवण्याजोगा पुरावा नाही. थायरॉइडची गोळी चालू असल्यास, यकृताचा त्रास असल्यास किंवा गर्भारपणात ती टाळावी. खाजकुइलीच्या बियांचे चूर्ण "मूडसाठी" म्हणून विकले जाते, पण त्यात लेव्होडोपा हे कंपवातावर दिले जाणारे खरेखुरे औषधी द्रव्य असते, आणि मानसिक आजारावर औषधे घेणाऱ्याने ते स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नये. भस्मे किंवा रसौषधी (धातू-खनिजांपासून बनवलेली औषधे) असलेली तयारी वैद्यांच्या देखरेखीशिवाय घेऊ नये. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अमेरिकेतील बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते.

घेण्याची पद्धत

एका वेळी एकच पूरक सुरू करावे. दोन-तीन एकदम सुरू केल्यास फायदा कशाने झाला आणि पित्त कशाने उठले, हे कळत नाही. वहीच्या पहिल्या पानावर आजची पीएचक्यू-९ ची बेरीज, तारीख, पूरकाचे नाव आणि मात्रा लिहावी, आणि रोज रात्री झोपेचे तास व मनाला दहापैकी किती गुण द्यावेसे वाटतात, एवढीच एक ओळ लिहावी. दर दोन आठवड्यांनी प्रश्नावली पुन्हा भरावी. आठ आठवड्यांत बेरीज ठळकपणे उतरली नाही, तर ते पूरक बंद करावे आणि डॉक्टरांना भेटावे. मधेच बेरीज वाढू लागली तर आठ आठवडे थांबू नये. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अंगाला खाज सुटणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच क्षणी थांबवावे. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगावे.

सवय लागेल या भीतीने डॉक्टरांनी दिलेली नैराश्याची गोळी परस्पर सोडून पूरकाकडे वळणे, ही मी पाहिलेली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. दारू-तंबाखूची तलफ येते तशी या गोळ्यांची येत नाही. पण त्या अचानक सोडल्यास चक्कर, अस्वस्थता, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे वाटणे असा त्रास होतो आणि आजार उलटू शकतो. कमी करायच्या असतील, तर ज्यांनी सुरू केल्या त्यांच्याच सल्ल्याने, हळूहळू कराव्यात.

डॉक्टरांकडे जाताना वहीबरोबर सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्याव्यात, रिकाम्या झालेल्याही, कारण मागच्या तक्त्यातले आकडे तोंडी सांगता येत नाहीत.