विलंबित ख्यालाची ध्वनिमुद्रिका ऐकावी कशी : एक राग, बारा मात्रा आणि सम

शास्त्रीय संगीत ऐकायला सुरुवात कुठून करावी, असे कोणी विचारले की त्याला हमखास दोन सल्ले मिळतात. पहिला म्हणजे डोळे मिटून शांतपणे ऐकत राहा, आपोआप कळू लागेल. दुसरा म्हणजे कोणता राग कोणत्या प्रहरी ऐकावा याचे शंभर रागांचे कोष्टक. पहिल्या सल्ल्याने मला कित्येक वर्षे निव्वळ छान झोप लागली आणि दुसऱ्याने रागांची नावे पाठ झाली, गाणे तेवढे कळले नाही. त्यामुळे हे दोन्ही सल्ले बाजूला ठेवून, मी अनेकांबरोबर बसून वापरलेली आणि माझ्या अनुभवाला उतरलेली पद्धत येथे देत आहे.

प्रथम एकच राग निवडावा आणि निदान दोन महिने तो सोडू नये. मी भूप सुचवतो. सा, रे, ग, प, ध असे पाचच स्वर, सगळे शुद्ध, आणि कानाला तो आधीपासून ओळखीचा असतो. १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या ‘स्वयंवर’ नाटकातले, भास्करबुवा बखल्यांनी चाल दिलेले ‘सुजन कसा मन चोरी’ हे पद ज्याने एकदा जरी ऐकले असेल, त्याच्या घरात भूप आधीच येऊन बसलेला आहे. येथे नावावरून एक घोटाळा नेहमी होतो, तो मिटवून टाकतो. पहाटे देवाला जाग आणण्यासाठी म्हणतात ती भूपाळी हा गीतप्रकार आहे. भूप हा राग मात्र रात्रीच्या पहिल्या प्रहरी गाण्याचा संकेत आहे. अर्थात ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्याने घड्याळाकडे पाहण्याचे कारण नाही. दुपारी दोन वाजता ऐकल्यास काहीही बिघडत नाही.

सुरुवात जुन्या ७८ गतीच्या तबकड्यांपासून करावी. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हापासून पुढची चार-पाच दशके गवयांना एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मिळत. एवढ्या वेळात राग मावत नाही, असे म्हणणाऱ्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ‘पिया बिन नाही आवत चैन’ कधी नीट ऐकलेली नसते. ज्याला जेमतेम तीन मिनिटे मिळतात तो रागाचा गाभाच आधी पुढे ठेवतो, आणि नवख्या कानाला नेमके तेच हवे असते. आठवडाभर अशा तबकड्या ऐकून झाल्या की किशोरी आमोणकरांचा भूप लावावा. ‘प्रथम सुर साधे’ हा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल आणि त्यानंतर ‘सहेला रे’. बहुतेक लोक पहिला भाग पुढे ढकलून थेट ‘सहेला रे’वर जातात. तसे करू नये.

येथवर काहीच अवघड नाही. अवघड आहे ते विलंबितात टिकून राहणे, आणि बहुतेक श्रोते गळतात ते येथेच.

ते गळतात याचे कारण गाणे संथ असते हे नव्हे. आपण त्या संथपणात नेमके कोठे आहोत हे त्यांना कळत नसते. बडा ख्याल, म्हणजे हाच विलंबित ख्याल, बहुतेक वेळा विलंबित एकतालात असतो. मात्रा, म्हणजे तालाची मोजमापे, बाराच, पण एकेक मात्रा इतकी ताणलेली असते की एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, पुरे व्हायला पाऊण मिनिट, कधी मिनिटभरही लागते. मी पहिली काही वर्षे बोटांवर मात्रा मोजायचो. प्रत्येक मात्रेचे चार भाग पाडून अठ्ठेचाळीसपर्यंत मोजत जायचे, मध्येच गवयाने एखादी सुंदर जागा घेतली की आकडा विसरायचा, आणि मग शेजारच्याची मान हलली की आपलीही हलवायची. एका सकाळच्या बैठकीत तर मी मोठ्या आत्मविश्वासाने सातव्या मात्रेवर ‘वा!’ म्हटले. पुढच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ हळूच मागे वळले, माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि पुन्हा पुढे बघू लागले. एकतालात सातव्या मात्रेवर डग्ग्यावर, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डाव्या हाताच्या वाद्यावर, ‘कत्’ वाजतो, तो ठसठशीत असतो, आणि मी त्यालाच सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, समजत होतो. तेव्हापासून मोजणे सोडले ते कायमचे, आणि इतरांनाही मी ते सोडायला लावतो.

मोजण्याऐवजी ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, पाठ करावा. वाचून नव्हे, तोंडाने म्हणून : धिं धिं धागे तिरकिट, तू ना कत् ता, धागे तिरकिट धी ना. भाजी निवडताना, गाडीची वाट पाहताना, दिवसातून वीस वेळा म्हणावा. चार दिवसांत तो जिभेवर बसतो आणि मग कान त्याला आपोआप शोधू लागतात.

आता खरी खूण सांगतो. या ठेक्यात ‘तिरकिट’ दोनदा येते, चौथ्या मात्रेवर आणि दहाव्या मात्रेवर. इतर मात्रांवर एखाद-दुसरा सुटा आघात असतो, येथे मात्र बोटे भरभर चालतात, त्यामुळे कितीही संथ लयीत ते वेगळे ऐकू येते. पहिल्या तिरकिटानंतर ‘तू ना’ येते. तेथे डग्गा गप्प असतो आणि नुसता तबला वाजतो. दुसऱ्या तिरकिटानंतर ‘धी ना’ येते. तेथे डग्ग्याचा घुमारा पुन्हा उठतो. म्हणजे तिरकिट ऐकले की लगेच कान डग्ग्याकडे लावायचे. घुमारा उठला नाही तर अजून अर्धे आवर्तन बाकी आहे, निवांत बसावे. घुमारा उठला तर सम अवघ्या दोन मात्रांवर आली आहे, आणि त्याच सुमारास गवई बंदिशीचा मुखडा, म्हणजे तिची सुरुवातीची ओळ, उचलताना ऐकू येईल. मुखड्यातले ज्या अक्षरावर वजन आहे ते अक्षर आणि तबल्याचा ‘धिं’ एकत्र पडले की ती सम.

या कामासाठी काही अटी मी हट्टाने पाळतो आणि पाळायला लावतो. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नये. त्या चिमुकल्या स्पीकरमधून डग्गा आणि तंबोऱ्याचा खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि डग्गाच नसेल तर वर सांगितलेली सगळी खूण फुकट जाते. शंभर-दोनशे रुपयांचे इअरफोनही त्यापेक्षा बरे. ज्यात तबलजी साधा ठेका धरून बसला आहे असेच जुने ध्वनिमुद्रण निवडावे. हल्ली तबल्याची प्रत्येक मात्रा भरून काढण्याची हौस फार वाढली आहे. ती मैफलीत गोड वाटते, शिकणाऱ्याची मात्र वाट चुकवते. ताल वेष्टनावर किंवा वर्णनात दिलेला असतो, तो आधी वाचावा, कारण जयपूर घराण्याचे गवई विलंबितासाठीही अनेकदा सोळा मात्रांचा त्रिताल घेतात आणि तेथे ही तिरकिटाची खूण लागू पडत नाही. आणि पहिल्या तीन बैठकांत संपूर्ण ख्याल ऐकूच नये. तबला सुरू होतो तेथपासून पाच आवर्तने ऐकावीत, मागे यावे, तीच पाच पुन्हा ऐकावीत. बहुतेक ध्वनिमुद्रणांत तबला समेपासून सुरू होतो, त्यामुळे पहिली सम फुकटच मिळते. पुढच्या चार तेवढ्या कमवायच्या असतात.

माझी पहिली खरी सम तिसऱ्या रात्री सापडली. सापडल्यावर गवई आपल्याला मुद्दाम तिच्यापासून दूर नेत होता आणि शेवटच्या क्षणी उडी मारून परत येत होता, हे प्रथमच ध्यानात आले. ज्या वीस मिनिटांत पूर्वी काही घडत नाही असे वाटे, त्यांत एवढी गंमत चालली होती.

सम हाती आली की भूपाच्या शेजारी देसकार हा राग लावावा. स्वर तेच पाच, पण भूप गंधारावर (ग) विसावतो आणि देसकार धैवताला (ध) धरून वरच्या अंगाने चालतो. दोन्ही एकामागून एक दहा वेळा ऐकल्यावर ज्याला फरक जाणवतो त्याला राग म्हणजे स्वरांची यादी नव्हे हे कोणी सांगावे लागत नाही. राग ओळखून देणारी अॅप या टप्प्यावर तरी बंद ठेवावीत. इंटरनेटवरच्या ध्वनिमुद्रणांवर लिहिलेली रागांची नावेही बऱ्याचदा चुकीची असतात.

भक्तिसंगीत सोपे आहे. भीमसेन जोशींचे, राम फाटकांनी चाल दिलेले ‘तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल’ ऐकावे; तो अहिर भैरव आहे. अभंगाचे आवर्तन लहान असल्याने सम काही सेकंदांतच परत येते.

फ्यूजनबाबत माझे मत कडक आहे : तंबोऱ्याचा तुकडा, बासरीची एक ओळ आणि यंत्राचा ठोका यांच्या मिश्रणाला फ्यूजन म्हणू नये. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’पासून सुरुवात करावी. त्यात शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार आहे, आणि आपल्या ओळखीचा भूपही आहे. त्यानंतर जॉन मॅक्लॉफलिन, एल. शंकर, झाकीर हुसेन आणि विक्कू विनायकराम यांच्या ‘शक्ती’ची सत्तरच्या दशकातली ध्वनिमुद्रणे घ्यावीत. तबला आणि घटम् तेथे शोभेला ठेवलेले नाहीत.

अमीर खाँसाहेबांचा मारवा राग सर्वांत शेवटी. त्यापासून सुरुवात करणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत आणि त्यांतले बहुतेक महिनाभरात परत गझलेकडे गेले. ‘पिया मोरे अनत देस’ हा ख्याल झुमरा तालात आहे, मात्रा चौदा, लय अतिविलंबित. एकतालाची सवय येथे दगा देते, कारण या ठेक्यात तिरकिट चार वेळा येते. पहिली तीन ऐकून सोडून द्यावीत. चौथे चौदाव्या मात्रेवर असते, आणि त्याला लागूनच सम.