नान्नजला मुलं नेण्याआधी

माळढोक पक्षी दिसेल, असं मुलांना कबूल करू नका. ही तयारीतली पहिली गोष्ट. सोलापूरजवळचं हे अभयारण्य १९७९ साली त्याच्यासाठीच झालं, पण आता तो इतका दुर्मीळ आहे की त्याच्या भरवशावर सहल काढली तर मुलं हिरमुसून परततात. आपण माळ मोजायला चाललोय, असं सांगा.

जायचं नोव्हेंबर-डिसेंबरात. पावसाळ्यात नको, तेव्हा माळढोकाची मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. हिवाळ्यात गवत पिकलेलं असतं आणि मध्य आशियातून आलेले भोवत्ये, म्हणजे शिकारी पक्षी, त्यावर घिरट्या घालतात. वनविभागाची लेखी परवानगी आधीच घ्या. सोलापूरहून बार्शी रस्त्याने तासाभरात पोचता येतं, तरी उजाडताच निघा.

पाच-पाच मुलांचा गट करा. प्रत्येक गटाला चार खिळे आणि मीटरमीटरवर गाठ मारलेली सुतळी. वनरक्षक दाखवतील तिथे एक मीटरचा चौरस आखायचा, त्यातल्या गवताचे प्रकार मोजायचे, उघडा मुरूम किती तो अंदाजाने लिहायचा. मग असाच चौरस बाहेरच्या चराऊ माळावर. गवतांची नावं लगेच सांगू नका. मुलांना आधी आपल्या मनाने नावं देऊ द्या. पवन्या, मारवेल ही नावं नंतर सांगितली की पक्की बसतात. सोबत दोन थर्मामीटर हवेत, पण पाऱ्याचे नकोत. दुपारी एक गवताच्या बुडाशी, एक उघड्या मुरमावर ठेवा. फरक मुलांनीच वाचावा.

काळविटाचा नर लेंड्या पुन्हा पुन्हा एकाच जागी टाकतो. असा ढीग सापडला तर काडीने उकरून बिया शोधता येतात. त्यासाठी हातमोजे आणि साबण घ्याच.

दुर्बिणी दोन असल्या तरी पुरतात. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि भरपूर पाणी. प्लॅस्टिकची पाकिटं घरीच राहू द्या.

ड्रॉपर मात्र विसरू नका. कुसळ मोज्यांत घुसलं की मुलं वैतागतात, तेव्हाच खाली बसवा. एक कुसळ ओल्या मातीच्या गोळ्यात उभं रोवून त्याच्या पिळदार शेपटीवर पाण्याचा थेंब सोडा. पीळ उलगडतो, शेपटी गरगर फिरू लागते. अशाच भिजण्या-सुकण्यात बी स्वतःला मातीत रुजवतं. मी वर्गात फळ्यावर हे किती वेळा काढलं होतं, पण मुलं पोटावर झोपून बघत राहिली ती तिथेच. निघताना मोजे झटकायला लावा, बिया माळावरच राहतील.