पाळणाघर चालवताय? या चुका टाळा: सूचना फोनमध्ये, बाळ मावशीच्या कडेवर

२०२५ च्या दिवाळीनंतर एका मैत्रिणीच्या पाळणाघरात बसले होते. तिने फोन पुढे केला. खोकल्याच्या औषधांबद्दल केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने काढलेलं पत्रक तिच्याकडे ऑक्टोबरातच पोचलं होतं: २ वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, ५ वर्षांखालीही सहसा टाळावीत. तिने ते तीन ग्रुपवर ढकललंही होतं. आम्ही बोलत असताना आतल्या खोलीत मावशी दीड वर्षाच्या एका पोराला पिशवीतल्या बाटलीतून झाकणभर लाल औषध पाजत होत्या. त्यांना काय बोलणार? आईने सकाळी दारातच सांगितलं होतं, "दुपारी एक झाकण द्या हं मावशी." पत्रक मावशींपर्यंत गेलंच नव्हतं. त्यांचा फोन साधा, बटणांचा.

मी अठरा वर्षं पाळणाघर चालवलं. माझ्या हातून झालेल्या चुका आठवल्या की बहुतेकींचं मूळ इथेच सापडतं. नवं काही आलं की ते मला कळायचं, आणि मला कळलं म्हणजे घरात कळलं असं मी धरून चालायचे. बाळाला भरवणारी, झोपवणारी, शी-शू काढणारी बाई मात्र दुसरीच असायची.

औषधाचं झाकण

त्या पत्रकामागे मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं होती. दूषित खोकल्याच्या औषधाने त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. त्यांतल्या कित्येकांना उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं, म्हणजे हे आपल्या दारातच घडलं.

पाळणाघरात रोजचा धोका मात्र याहून साधा असतो, पॅरासिटामॉलचा. त्याचे ड्रॉप्स आणि सिरप एकच समजले जातात. बाजारात मिळणाऱ्या ड्रॉप्समध्ये बहुधा १ मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं. साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, आणि जास्त ताकदीच्या सिरपमध्ये ५ मिलीतच २५०. आई घरी १२५ चं सिरप ५ मिली देते, आज पिशवीत ड्रॉप्सची बाटली आली, आणि मावशींनी सवयीने तेवढंच ५ मिली मोजलं, तर बाळाच्या पोटात चौपट औषध गेलं. घरातला चमचा किंवा दुसऱ्याच बाटलीचं झाकण वापरलं तर गोंधळ आणखी वाढतो.

नियम एकच ठेवा आणि तो सगळ्यांना तोंडपाठ असू द्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मुलाचं नाव, औषधाची ताकद आणि मिलीतलं प्रमाण नसेल तर बाटली उघडायची नाही. दिलेली वेळ वहीत लिहायची, सही करायची. "सकाळी घरी किती वाजता दिलं?" हा प्रश्न दारातच विचारायचा, कारण दोन डोस जवळ येण्याची चूक दारातच होते. ताप असलेलं मूल पाजून-बिजून आणून सोडणाऱ्या पालकांशी वाद होईल, तो होऊ द्या.

ओआरएस म्हणून आलेला रंगीत डबा

मुलाला जुलाब लागले की पालक 'ओआरएस' (जलसंजीवनी) म्हणून टेट्रापॅक देऊन जातात. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने स्पष्ट केलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर 'ओआरएस' हा शब्द छापता येणार नाही. त्यांत साखर फार असते, आणि जास्त साखरेने जुलाब वाढू शकतात. जुना माल कपाटात पडून असेल तर तो काढा.

खरी पुडी आणली तरी पाणी मापाने घेतलं जात नाही. मोठी पुडी १ लिटर पाण्यासाठी असते, लहान २०० मिलीसाठी. पुडीवर वाचून तेवढंच पाणी घ्यायचं, पूर्ण पुडी एकदम घालायची, आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. पेलाभर पाण्यात अंदाजाने चिमूट-चिमूट टाकलं की मीठ कमी-जास्त होतं. आमच्याकडे स्वयंपाकघरात १ लिटरच्या बाटलीवर नेलपॉलिशची रेघ मारलेली होती. मी पाठवलेल्या दहा मेसेजपेक्षा त्या एका रेघेने जास्त काम केलं.

मोहरीची उशी आणि झोळी

इथे मला मावश्यांशीच नव्हे, आज्यांशीही भांडावं लागलं. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी, गार लागू नये म्हणून नाकापर्यंत दुपटं, दूध वर आलं तर अडकू नये म्हणून कुशीवर. यांतलं एकही ठेवायचं नाही. वर्षाखालचं बाळ पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, उशीविना झोपवायचं. कुशीवरचं बाळ सहज पालथं होतं. पाठीवर झोपलेलं निरोगी बाळ दुधाने गुदमरेल ही भीती अनाठायी आहे. डोक्याची मागची बाजू चपटी होते असं वाटत असेल तर बाळ जागं असताना, कुणीतरी समोर बसून, त्याला पोटावर खेळवा.

झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. "आमच्या चारही पोरी झोळीतच मोठ्या झाल्या," हे मी शेकडो वेळा ऐकलंय. त्या झाल्या, खरंय. पण पाळणाघरात एका बाईकडे पाच बाळं असतात, आणि झोळीतलं बाळ लांबून दिसत नाही.

डबा

मध वर्षाच्या आत नाही, बोटाला लावूनही नाही. त्यात बॉट्युलिझम या जिवावरच्या विषबाधेचे बीजाणू असू शकतात आणि इतक्या लहान बाळाच्या आतड्याला ते झेपत नाहीत. घुटीत कालवलेला मध हाही मधच.

शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, मक्याचे दाणे, गोल चकत्यांचं गाजर: हे लहान मुलांच्या डब्यात आलं की आम्ही सरळ परत पाठवायचो किंवा कुटून, चिरून, शिजवून द्यायचो. द्राक्षं उभी चिरायची, आडवी चिरली की गोलच राहतात. आणि अडकलंच तर? वर्षाखालच्या बाळाचं डोकं खाली धरून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने ५ थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध ५ दाब, पुन्हा तसंच. दिसत नसताना घशात बोट घालून चाचपायचं नाही, घास आणखी आत जातो. वर्षावरच्या मुलांची पद्धत वेगळी आहे. दोन्ही पद्धती एखाद्या प्रशिक्षकाकडून बाहुलीवर हाताने करून शिका. व्हिडिओ पाहिलेल्या बाईचा हात ऐन वेळी थिजतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कार्डाची झेरॉक्स

प्रवेशाच्या दिवशी लसीकरण कार्डाची झेरॉक्स घेतली, फायलीत लावली, संपलं. बाळ तेव्हा सहा महिन्यांचं होतं. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर असतो आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत. ती झेरॉक्स त्याबद्दल काहीच सांगत नाही. २०२२ च्या अखेरीस गोवंडीसह मुंबईच्या दाट वस्त्यांत गोवर पसरला तेव्हा कितीतरी पाळणाघरांना आपल्याकडच्या कुठल्या मुलांचे डोस राहिलेत ते पटकन सांगता आलं नाही. दहावा आणि सतरावा महिना लागला की कार्ड पुन्हा मागा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या महिन्यात मुलाचं नाव लिहून ठेवलं की पुरतं.

उंचीतले ७ मिलिमीटर

अंगणवाडी सेविकांना हे ठाऊक असतं, खासगी पाळणाघरांना सहसा नसतं. २ वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून मोजायची, त्यावरच्याची उंची उभं करून. त्याच मुलाची उभ्याने घेतलेली उंची आडव्या मापापेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटर कमी भरते. वीस महिन्यांचं चळवळं पोर आडवं राहत नाही म्हणून उभं मोजलं आणि आकडा तसाच लिहिला, तर पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या सरकारी ॲपवर) किंवा वाढीच्या तक्त्यावर ते उगाच खुजं दिसू शकतं. उभंच मोजावं लागलं तर ०.७ मिळवून लिहा.

दुसरा घोळ वजनाचा. या महिन्यात ७०० ग्रॅम कमी? घाबरण्याआधी वजनकाटा शून्यावर होता का, गेल्या वेळी स्वेटर आणि ओला डायपर होता का, ते पाहा. पुन्हा करूनही कमीच भरलं तर आई-बाबांना त्याच दिवशी सांगा. दंडाचा घेर मोजत असाल तर ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषण आहे. त्याला आज दवाखाना, पुढच्या सोमवारी नव्हे.

पिटारा कुलपात

२०२२ च्या ऑक्टोबरात पायाभूत स्तराचा (३ ते ८ वयाच्या शिक्षणाचा) राष्ट्रीय आराखडा आला, २०२३ च्या फेब्रुवारीत जादुई पिटारा ही खेळ-साधनांची पेटी, २०२४ च्या मार्चमध्ये ३ ते ६ वयासाठी 'आधारशिला' हा अभ्यासक्रम आणि त्याखालच्यांसाठी 'नवचेतना'. खासगी पाळणाघरवाल्या बायका हे "अंगणवाडीचं" म्हणून बाजूला ठेवतात आणि तीन वर्षांच्या मुलाला गिरवायच्या वह्या विकत आणतात. पालकांना वही दिसते, मातीत खेळलेलं दिसत नाही, हे त्यामागचं खरं कारण.

निदान 'आधारशिला'चं सुरुवातीचं वेळापत्रक वाचा. ४८ आठवड्यांपैकी पहिले ४ नुसते घरातून बाहेर आलेल्या मुलाने रुळण्यासाठी राखून ठेवलेत. जूनमध्ये रडणाऱ्या मुलाच्या हातात दुसऱ्याच दिवशी पेन्सिल देणाऱ्यांनी ही एक गोष्ट घेतली तरी खूप. साधनं कुलपात ठेवायचं कारण नेहमी एकच असतं, "पोरं मोडतील." बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७ मध्ये बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेल्या आणि आदिवासी पाड्यांतल्या मुलांसाठी आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूंतून साधनं केली. बिया, पानं, शंख मोडले तर मोडले, पुन्हा वेचून आणता येतात.

दार

बदलापूरच्या शाळेतल्या ऑगस्ट २०२४ च्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर कॅमेरे खूप बसले. बरं झालं. पण कॅमेरा लावला म्हणजे झालं, ही आता नवी चूक झाली आहे. महिन्यातून एकदा रेकॉर्डिंग चालू करून पाहा, कारण हार्ड डिस्क कधीचीच भरलेली असते. पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) २०२० च्या नियमांनुसार मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांनी, त्यांत पाळणाघरंही आली, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करायची असते. एकदा करून भागत नाही, आणि रिक्षावाले काकाही त्यात धरा.

मूल काही बोललं, अंगावर खूण दिसली, तर "आधी आपण आपल्यात बघू" म्हणून बैठक घ्यायची नाही. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे संशय आला तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मावशींवरही आणि चालिकेवरही. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये नको, दाराजवळ मोठ्या आकड्यांत हवा. न्यायला रोजचं माणूस आलं नाही तर आईला तिच्या नोंदवलेल्या नंबरवर आपणच फोन करायचा. समोरच्याने लावून दिलेल्या फोनवर बोलायचं नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: २०२५ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांच्या नोंदणीसाठी पोर्टल उघडलं. नर्सरी-केजी चालवत असाल तर तिथली माहिती अद्ययावत ठेवा. पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षं पूर्ण, हे पालकांना नर्सरीच्या प्रवेशावेळीच सांगा, केजी संपताना नको.

मग मावशींपर्यंत पोचवायचं कसं

आलेली प्रत्येक सूचना मी एकाच प्रश्नाने चाळायचे: यामुळे उद्या कुणाच्या हातांनी काय वेगळं करायचं? उत्तर नसेल तर ती फायलीत. असेल तर सोमवारी मुलं यायच्या आधी दहा मिनिटं चहा घेताना ती बोलून, करून दाखवायची, आणि मग मावशींनी मला करून दाखवायची. वाचायला लावायचं नाही. भिंतीवर एका वेळी तीनच कागद. चौथा लावला की पहिला काढायचा, आणि प्रत्येकावर तारीख. बिनतारखेचा कागद दोन वर्षांनी खरा की खोटा, ते कुणालाच कळत नाही.

आणि बदली मावशींना विसरू नका. आमच्याकडे सगळ्या गडबडी नेमक्या कुणीतरी रजेवर असतानाच व्हायच्या. तेव्हापासून सकाळी त्या बाईने पदर खोचला की पाळण्यांजवळ जायच्या आधी तिला तीन जागा दाखवायचो: औषधाची वही, नेलपॉलिशची रेघ असलेली बाटली, आणि दाराजवळचा नंबर.