चौकोनी फिल्म कॅमेरा घेताय? या चुका टाळा

माझा पहिला सिक्स बाय सिक्स, म्हणजे साधारण सहा सेंटिमीटरचे चौकोनी फोटो देणारा कॅमेरा दिसायला अगदी नवाकोरा होता. चामडं शाबूत, कडा चकचकीत, लेन्सवर मोठं नाव. विकणाऱ्याने माझ्यासमोर पाच-सहा वेळा शटर दाबून दाखवलं, स्वच्छ ‘खट्’ असा आवाज आला आणि मी पैसे मोजले. पहिला रोल धुऊन आला तेव्हा भर उन्हातले चार फोटो ठीक होते. खिडकीशी बसून काढलेल्या बाकीच्या आठ निगेटिव्ह मात्र कोळशासारख्या काळ्या होत्या. मला दाखवलं होतं ते १/२५० सेकंदाच्या वेगावर. १/३० च्या खाली आलं की आतल्या सुकलेल्या वंगणामुळे शटर वेळेवर मिटतच नव्हतं आणि फिल्मवर नको तेवढा उजेड पडत होता.

तेव्हापासून कुणी ‘कोणतं मॉडेल घेऊ?’ असं विचारलं की मी आधी ‘कोणता नग बघितलास?’ असं विचारतो. हे कॅमेरे चाळीस ते सत्तर वर्षांचे आहेत. एकाच मॉडेलचे दोन नग एकाच कारखान्यातून बाहेर पडले असले, तरी एक कोरड्या कपाटात राहिला असेल आणि दुसरा ओलसर पेटीत. दोघांची प्रकृती सारखी कशी असणार? चांगल्या स्थितीतला साधा याशिका-डी हा आजारी रोलायफ्लेक्सपेक्षा केव्हाही बरा.

चौकोनी आहे म्हणून घेतला, पण फिल्मच मिळेना

ही चूक सगळ्यात सोपी आणि सगळ्यात महागात पडणारी. चौकोनी फोटो देणारा प्रत्येक जुना कॅमेरा १२० रोल घेतोच असं नाही. १२० ही फिल्म १९०१ पासून आजतागायत बनते आहे. तिच्यावर सिक्स बाय सिक्सच्या बारा फ्रेम बसतात आणि प्रत्येक फ्रेम प्रत्यक्षात साधारण ५६ मिमी लांब-रुंद असते. आज वापरायचा कॅमेरा हवा असेल तर तो १२० चा आहे ना, एवढं आधी बघा.

कोडॅकचे ड्युआफ्लेक्स, ब्राउनी हॉकाय असे बरेच गोड दिसणारे कॅमेरे ६२० फिल्मचे आहेत. फिल्मची रुंदी तीच, पण स्पूल बारीक. कोडॅकने ६२० बनवणं १९९५ मध्ये थांबवलं. १२० ची फिल्म अंधारात ६२० च्या स्पूलवर गुंडाळून घेता येते आणि हौस असेल तर जरूर करा. पण दर रोलला हे करायची तयारी आहे का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. बेबी रोलायफ्लेक्स १२७ फिल्मचा आहे, ती शोधावी लागते. १९६३ साली आलेले १२६ काडतुसाचे इन्स्टामॅटिकही चौकोनीच फोटो देतात, २८ मिमीचे. ते काचेच्या कपाटात ठेवायला छान.

फक्त वेगवान शटर ऐकून समाधान मानणं

शटरची परीक्षा सावकाश वेगांवर होते. एक सेकंद लावा आणि कान द्या. आतून गिअरचा एकसारखा ‘घर्रर्र’ आवाज यायला हवा. तो मध्येच अडखळला, शेवटी रेंगाळला किंवा पाती अर्धवट उघडी राहिली, तर वंगण सुकलंय. मग अर्धा सेकंद, पाव, १/८ असं खाली उतरत जा. प्रत्येक पायरीला वेळ निम्मा झाल्याचं कानाला कळतं. दोन-तीनदा करा, कारण काही शटर पहिल्यांदा अडकतात आणि मग मोकळे होतात. अशा वेळी पहिला आवाजच खरा धरावा. फोटो काढताना कॅमेरा दोन दिवस बॅगेत पडून असतो आणि तुम्हाला हवा असतो तो पहिलाच क्षण.

फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन असेल तर आणखी सोपं. मागचं झाकण उघडा, उजेडाकडे तोंड करा आणि मागून चित्रण घ्या. १/३० वर साधारण ८ फ्रेमभर, १/१५ वर १६ फ्रेमभर उजेड दिसायला हवा. १/३० वर पंधरा-वीस फ्रेम उजेड दिसत राहिला तर ते दुरुस्तीचं काम आहे. १/५०० अशा रीतीने मोजता येत नाही, पण त्यावर फार जीव टाकू नका. वरचे वेग थोडे मंद असणं या वयात स्वाभाविक आहे आणि निगेटिव्ह फिल्म तेवढं सहज सोसते.

शटर मंद आहे म्हणून कॅमेरा सोडून द्या असं मी म्हणत नाही. साफसफाई आणि नवं वंगण हे जाणत्या कारागिराचं नेहमीचं काम आहे. फक्त तो खर्च किमतीत धरा. जो विक्रेता ‘वापरला की मोकळा होईल’ म्हणतो त्याचं मनावर घेऊ नका. वापरून वंगण पातळ होत नाही.

धुळीला घाबरणं, बुरशीला न घाबरणं

लेन्सच्या आत धुळीचे चार कण दिसले की लोक माघारी फिरतात. त्या कणांनी फोटोत काही दिसत नाही. पुढच्या काचेवरच्या एक-दोन बारीक ओरखड्यांनीही फारसं बिघडत नाही. भ्यायचं ते तीन गोष्टींना: धुरकटपणा, बुरशी आणि भिंगांमधला सुटलेला चिकटा.

शटर ‘बी’वर (बटण दाबून असेपर्यंत शटर उघडं राहतं ती जागा) उघडं धरा, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, पूर्ण उघडा आणि मागून टॉर्च तिरका मारा. समोरून सरळ बघितलं तर खराब लेन्सही निर्मळ दिसते. तिरक्या उजेडात दुधाळ थर दिसला तर धुरकटपणा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, आणि कडेला इंद्रधनुषी डाग दिसला तर भिंगं जोडणारा चिकटा सुटलाय. धुरकटपणा बहुधा साफ होतो. बुरशी काढता येते, पण तिने काचेचा लेप खाल्ला असेल तर खूण राहतेच. चिकटा सुटलेल्या लेन्सच्या वाटेला शक्यतो जाऊ नका.

टीएलआरमध्ये, म्हणजे दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात, वरची लेन्स फक्त बघायची असते. तिच्यातला डाग फोटोत उतरत नाही. खालची निर्मळ आणि वरची डागाळलेली असा नग स्वस्तात मिळत असेल तर मी डोळे मिटून घेईन. (उलट असेल तर नाही.)

स्क्रीनवर स्पष्ट दिसतंय म्हणजे फोटोही स्पष्ट, असं समजणं

टीएलआरमध्ये तुम्ही एका लेन्समधून बघता आणि फिल्म दुसरीतून बघते. दोघींचं जमत नसेल तर स्क्रीनवर डोळ्याच्या पापण्या मोजता येतात आणि निगेटिव्हवर कान स्पष्ट येतो. याचं कारण बहुतेक वेळा कुणाची तरी अर्धवट दुरुस्ती असते: लेन्स काढून साफ केली आणि परत बसवताना अंतर चुकलं, किंवा नवी उजळ स्क्रीन टाकली आणि तिची जाडी वेगळी निघाली. कॅमेरा पडला असेल तर दोन्ही लेन्स जिच्यावर बसतात ती पुढची पट्टी वाकडी होते. फोकसचं चक्र फिरवून पट्टी पूर्ण पुढे आणा आणि चारही बाजूंची फट सारखी आहे का ते वरून, खालून, बाजूने बघा.

पक्की तपासणी घरी होते. मागचं झाकण उघडा, फिल्म ज्या आतल्या पट्ट्यांवर टेकते त्यांवर घासलेल्या काचेचा तुकडा ठेवा, खरखरीत बाजू लेन्सकडे. कॅमेरा तिवईवर, शटर ‘बी’वर, ॲपर्चर पूर्ण उघडं. दूरच्या मनोऱ्यावर वरच्या स्क्रीनमधून फोकस करा आणि मग भिंगाने मागची काच बघा. तिथेही मनोरा तितकाच स्पष्ट हवा. मग हेच दीड मीटरवरच्या छापील पानावर करा. दोन्हीकडे जमलं तर तुमचा कॅमेरा खरं बोलतोय. फरक निघाला तर स्वतः स्क्रू पिळू नका, कारागिराकडे न्या.

मीटर चालतो म्हणून जास्त पैसे देणं

याशिका-मॅट १२४जी चा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीसाठी बनवलेला. ती आता मिळत नाही. १.५ व्होल्टची साधी बॅटरी घातली की मीटरला उजेड जास्त भासतो आणि फोटो अंधारे येतात. श्रवणयंत्राच्या झिंक-एअर बॅटरीने बरंच जुळतं. त्याहून जुन्या कॅमेऱ्यांवरचे सेलेनियमचे मीटर बॅटरीशिवाय चालतात, पण वयानुसार दुबळे होतात. फोनवरचं मीटरचं ॲप किंवा हातातला मीटर वापरा. शटर, ॲपर्चर आणि मीटर वेगवेगळे असल्याने मीटर बंद पडला तरी कॅमेऱ्याचं काही अडत नाही.

नावामागे धावणं

चंद्रावर गेलेला कॅमेरा म्हणून हॅसलब्लाड हवासा वाटतो, आणि का वाटू नये? ५००सी/एम अप्रतिम यंत्र आहे. पण त्याची बॉडी, लेन्स आणि फिल्म बॅक (मागचा फिल्मचा डबा) ही तीन वेगळी यंत्रं आहेत आणि तिन्हींची देखभाल वेगळी. बॅकमध्ये डार्क स्लाइडच्या, म्हणजे फिल्म झाकणाऱ्या सरकत्या पत्र्याच्या, फटीतलं सील थकलं की प्रत्येक फ्रेमवर एका बाजूने उजेडाचा पट्टा येतो. जुन्या सी मालिकेच्या लेन्समधल्या कॉम्पूर शटरचे सुटे भाग दुर्मिळ होत चाललेत, १९८२ पासूनच्या सीएफ लेन्समध्ये प्रॉन्टर शटर आहे. ब्रॉनिका एसक्यू-ए हे काम कमी खर्चात करतो, मात्र तो बॅटरीवर चालतो. बॅटरी संपली की फक्त १/५०० वर चालतो, त्यामुळे ‘अडकलाय’ म्हणून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या नगाची आधी बॅटरी बघा.

एकच लेन्स पुरणार असेल तर टीएलआर घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. आरसा हलत नाही, आवाज जवळजवळ नाही, हातात धरून १/३० वर निर्धास्त काढता येतं. मिनोल्टा ऑटोकॉर्डची लेन्स सुरेख आहे, फक्त खालची फोकसची दांडी ठिसूळ असते. ती जड चालत असेल तर जोर लावू नका, तुटते. मामिया सी३३० वर लेन्स बदलता येतात आणि भात्यामुळे अगदी जवळचं काढता येतं, पण वजन दीड किलोच्या वर जातं. लुबिटेल हलका आणि स्वस्त आहे. ॲपर्चर एफ/८ वर ठेवलं तर बरा फोटो देतो, फोकस करताना मात्र डोळ्यांची परीक्षा घेतो.

कीव्ह ८८ आणि पेंटाकॉन सिक्स यांच्या लेन्स फार चांगल्या, फिल्म पुढे सरकवण्याची यंत्रणा मात्र बेभरवशाची. फ्रेम एकमेकींवर चढणं ही त्यांची जुनी व्याधी. घडीच्या कॅमेऱ्यांत ॲग्फा आयसोलेट खिशात मावतो, पण त्याचं हिरवं ग्रीस वाळून फोकसची कडी दगडासारखी घट्ट होते आणि भात्याच्या कोपऱ्यांना सुईएवढी भोकं पडतात. अंधाऱ्या खोलीत भात्यात टॉर्च घालून बघा, आकाशात तारे दिसावेत तशी ती दिसतात.

आणखी एक. पोटाशी धरून वरून बघायच्या स्क्रीनमध्ये डावं-उजवं उलटं दिसतं. काहींना ते आठवडाभरात अंगवळणी पडतं, काहींना कधीच नाही. घेण्याआधी तासभर कुणाचा तरी कॅमेरा हातात घेऊन चालत्या माणसामागे फिरवून बघा.

पहिल्याच आठवड्यात हाताने मोडणं

बऱ्याच जुन्या कॉम्पूर शटरवर १/५०० हा वेग शटर ताणण्याआधी, म्हणजे पुढच्या फोटोसाठी सज्ज करण्याआधी, लावायचा असतो. ताणल्यावर जोराने लावला तर आतली स्प्रिंग दुखावते. कीव्ह ८८ चं उलट: तिथे वेग ताणल्यानंतरच बदलायचा. सेल्फ-टायमरला हात लावू नका. तो अडकला की सगळं शटर अडकतं. हॅसलब्लाडची लेन्स काढताना आणि लावताना बॉडी आणि लेन्स दोन्ही ताणलेली हवीत, नाहीतर दोन्ही एकमेकांत अडकून बसतात. फोटो काढल्यावर व्ह्यूफाइंडर काळा राहतो तो बिघाड नव्हे. क्रँक फिरवला की आरसा खाली येतो.

रोल भरताना रोलायफ्लेक्स ऑटोमॅटमध्ये कागदाचं टोक जाणीव घेणाऱ्या रुळाखालून न्यावं लागतं. तो चुकवला तर काउंटर एकवर थांबत नाही आणि फिल्म सरळ पलीकडे गुंडाळली जाते. रोलायकॉर्ड व्ही आणि याशिकामध्ये कागदावरचा बाण खुणेशी जुळवून मग झाकण लावायचं. १२४जी मध्ये मागची दाबपट्टी १२० वर आहे ना, हे दर वेळी बघा.

रोल धुऊन आल्यावर

फ्रेम एकमेकींवर चढल्या तर आधी स्वतःचा हात तपासा: बाण जुळला होता का, पेंटाकॉनची फिल्म पुढे सरकवायची दांडी सटकन सोडली होती का? सगळं बरोबर असूनही होत असेल तर यंत्रणा झिजलीय. फ्रेमच्या मधोमध गोल उजळ डाग येत असेल तर मागची लाल खिडकी तपासा. ती बनली तेव्हाच्या बऱ्याच फिल्मना लाल उजेड दिसतच नसे. आजच्या फिल्मना दिसतो, म्हणून आकडा बघून झाला की ती झाकून टाका. जवळच्या फोटोंत डोकी कापली जात असतील तर लेन्स दोन असल्याचा तो परिणाम आहे. एक-दीड मीटरवर कॅमेरा दोन भिंगांमधल्या अंतराएवढा वर उचला.

पहिला रोल तपासणीसाठीच ठेवा आणि वहीत लिहून काढा. १/२५० वर दोन, १/३० वर दोन, एक सेकंद तिवईवर एक. पूर्ण उघड्या ॲपर्चरवर दूरचं एक, जवळचं दोन, सूर्य कडेला ठेवून एक. दोन फ्रेम विटांच्या भिंतीच्या, म्हणजे कडा मऊ आहेत का ते कळतं. बारावी फ्रेम घरातल्या कुणाची तरी काढा, खिडकीच्या उजेडात, १/३० वर.